कमरेच्या पिस्तुलाचा हिशेब : ठाण्याच्या पोलीस आयुक्तांना खुले पत्र

मा. पोलीस आयुक्त, ठाणे शहर, यांस


२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, गोळ्या झाडल्या गेल्या. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड आणि शिवसेनेचे कल्याणमधले नेते महेश गायकवाड हे दोघेही द्वारली गावातल्या जमिनीच्या वादावरून तिथे आले होते. महेश गायकवाड आणि त्यांचा एक सहकारी जबर जखमी झाले, सुदैवाने वाचले. गोळ्या आपणच झाडल्या आणि त्या स्वसंरक्षणासाठी झाडल्या, असं आमदारांनी त्याच रात्री एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं. खटला न्यायालयात आहे, दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. त्यात मी पडत नाही. हे पत्र त्या शस्त्राबद्दल आहे. ते परवान्याचं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. आणि आमच्या भागात पिस्तुलाचा परवाना द्यायचा की नाही, हे आपलं कार्यालय ठरवतं. म्हणून पत्र आपल्याला.

मी कल्याण पूर्वेत राहतो आणि शाळेत इतिहास शिकवतो. त्या घटनेनंतर केबिनमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण सगळीकडे फिरत होतं. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर वडापावच्या गाडीशी चार पोरं एका मोबाइलवर वाकली होती. टेबल, खुर्च्या, समोरासमोर बसलेली माणसं, मग अचानक उठाउठी आणि गोळीबार. पोरं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन राउंड मोजत होती. मला बघून मोबाइल खिशात गेला. त्यातल्या एकाने मात्र धीर करून विचारलं, ‘सर, आमदार झालं की परवाना लगेच मिळतो ना?’ पोलीस ठाण्यात गोळी झाडणं बरोबर की चूक, हे त्याने विचारलं नाही. परवाना कसा मिळतो, ते त्याला हवं होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्या कामाचं आहे, असं मला वाटतं.

बंदुकीचा विषय निघाला की अमेरिकेचं नाव निघतंच. डोंबिवलीतल्या कितीतरी घरांतली मुलं टेक्सास नाहीतर न्यू जर्सीत आहेत. नातवंडांना शाळेत बंदूकधारी आला तर बाकाखाली कसं लपायचं याचा सराव देतात, हे ऐकून इकडच्या आजी-आजोबांचा जीव खालीवर होतो. तिकडे असं का, याचं ठरलेलं उत्तर असं, की तो देशच सरहद्दीवर घडला. पश्चिमेकडे सरकत गेलेले वसाहतवाले, पुढे जंगल, मागे सरकार नाही, म्हणून प्रत्येकाच्या हाती बंदूक. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क कागदावर आला. १८९० च्या जनगणनेने सरहद्द संपल्याचं नोंदवलं आणि तीन वर्षांनी फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने अमेरिकी माणसाचा स्वभाव या सरहद्दीनेच घडवला, असा सिद्धान्त मांडला. तो आजही शिकवला जातो. त्या सरहद्दीवर आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांचं काय झालं, याला टर्नरच्या मांडणीत फारशी जागा नव्हती.

पण खऱ्या सरहद्दीवरच्या गावांत काय चालायचं? ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावात २६ ऑक्टोबर १८८१ ला झालेली ओके कोरालची चकमक सिनेमांमुळे जगाला माहीत आहे. ती पेटायला एक कारण होतं गावाचा नियम : गावात शिरताना शस्त्र जमा करायचं. काहींनी ते केलं नाही आणि कायद्याचे लोक ते काढून घ्यायला गेले. कॅन्ससमधल्या डॉज सिटीतही वेशीत शस्त्र बाळगायला बंदी होती. म्हणजे सरहद्दीवर रोज जगणाऱ्यांना शस्त्र गावाबाहेर हवं होतं. ते कमरेला लावून मिरवायला शिकवलं नंतरच्या कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी. शेजारी कॅनडातही तीच गवताळ मैदानं होती. तिथे १८७३ मध्ये सरकारने घोडेस्वार पोलीसदल उभं केलं आणि बहुतेक वसाहतवाले पोचायच्या आत ते पश्चिमेला पाठवलं. ऑस्ट्रेलियाची सरहद्दही रक्तानेच भिजलेली होती. तरी १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, तेव्हा त्या देशाने कायदे कडक केले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. सरहद्द तिन्ही देशांना मिळाली. फरक पडला तो कायदा माणसांच्या आधी पोचला की नंतर, आणि पोचल्यावर त्याने काय केलं, यामुळे.

आता आपल्याकडे येतो.

‘आमच्या रक्तातच तलवार आहे’ हे वाक्य आपल्या हद्दीतल्या किती फलकांवर वाचायला मिळतं, हे आपण रोज पाहत असाल. कल्याण हा सरहद्दीचा मुलूख होता, हे खरंच आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि दुर्गाडीखाली आरमाराची सुरुवात झाली. पुढे मोगल आणि मराठे यांच्यात हे शहर कितीदा इकडून तिकडे गेलं. ठाणं १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आलं, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलं. १७८० मध्ये मलंगगडाला इंग्रजी फौजेचा वेढा पडला. त्याच मलंगगडाच्या रस्त्यावर आज द्वारली आहे. शौर्याचा वारसा हवा तर इथे वाटेल तेवढा आहे.

पण आजच्या कमरेचं पिस्तूल त्या वारशातून आलेलं नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी हा देश नि:शस्त्र केला आणि लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्यावर शिक्का मारला. युरोपियनांना सूट, कोडगूच्या कोडवांना सूट, बाकी हिंदी माणसाला परवाना लागे, आणि तो सरकारच्या मर्जीतल्याला मिळे. वतनदार, सावकार, मानाचे सरकारी पाहुणे. राष्ट्रीय सभेने १८८७ पासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनीही, अहिंसेचे पुरस्कर्ते असूनही, सबंध राष्ट्राला नि:शस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत केली. ज्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र हाती घेतलं, त्यांनी परवाना मागितला नव्हता. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला फासावर गेले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पडले. या माणसांची नावं घेऊन आज कोणी जमिनीच्या व्यवहारासाठी पिस्तूल मिरवत असेल, तर तो त्यांचा अपमान आहे, असं मी वर्गात मुलांना सांगतो.

स्वातंत्र्य आलं तेव्हा दोन वाटा समोर होत्या. १ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. कामत हलके गृहस्थ नव्हते. राष्ट्रीय सभेच्या १९३१ च्या कराची ठरावातलंच कलम ते पुढे आणत होते. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही आणि सभेने ती फेटाळली. मग १९५९ चा कायदा आला. अमेरिकेत बंदूक हा सरकारविरुद्धचा हक्क ठरला. आपल्याकडे हक्क नाकारला गेला, ते योग्यच झालं. पण इंग्रजांच्या काळातली परवान्याची प्रतिष्ठा तशीच मागे राहिली. परवाना म्हणजे साहेबाच्या मर्जीतला माणूस. त्या काळी हे वजन वतनदाराचं असे, आता ते बिल्डरचं, नगरसेवकाचं, ‘भाऊं’चं आणि ‘दादां’चं आहे. वडापावच्या गाडीशी त्या पोराने जे विचारलं, त्यामागे ही दीडशे वर्षं उभी आहेत. त्याला माहीत नसतील एवढंच.

हे वजन कुठे वापरलं जातं? पुन्हा सरहद्दीवर. फक्त ती आता शहराची आहे.

द्वारली ज्या २७ गावांतलं, त्यांचं गेल्या चाळीस वर्षांत काय झालं पाहा. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, तेव्हा ती आत आली. २००२ मध्ये बाहेर पडली. २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली १८ बाहेर काढण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षाअखेर उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गाव ग्रामपंचायतीचं की पालिकेचं, बांधकामाची परवानगी कोण देणार, रस्ता कोणाचा, यातलं काहीच वर्षानुवर्षं नक्की नव्हतं. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, याच पट्ट्यातल्या जमिनी लष्करी तळासाठी आणि नेवाळीच्या धावपट्टीसाठी गेल्या. त्या तळाच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर वसलं. त्याच्या भागांना लोक अजून कॅम्प एक, कॅम्प दोन म्हणतात. नेवाळीच्या शेतकऱ्यांना जमीन परत मिळाली नाही. जून २०१७ मध्ये नौदलाच्या भिंतीवरून ते रस्त्यावर उतरले, गाड्या जाळल्या गेल्या आणि पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. इथल्या भूमिपुत्राला सरकार प्रथम भेटलं ते जमीन घेणारं म्हणून. हे लक्षात न घेता इथल्या ‘दांडगाई’वर बोलणं अन्यायाचं होईल. आगरी गावांच्या स्वभावावर खापर फोडणारे लेख मी वाचले आहेत. त्यांत सातबारा कुठेच नसतो.

मग शहर आलं. जमिनीचा भाव गुंठ्याला कुठच्या कुठे गेला, पण मोजणी जुनी, वारसांच्या नोंदी अर्धवट, एकच तुकडा दोघा-तिघांना विकलेला. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेराची नोंदणी मिळवली होती. उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले, आणि कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबं हवालदिल झाली. जिथे कागदाचा भरवसा नसतो, तिथे कबजा हाच पुरावा ठरतो, आणि कबजा ठेवायला माणसं लागतात. माणसांपुढे चालणारा एक जण लागतो. त्याच्या कमरेला काहीतरी असलं की बोलणं लवकर आटपतं. १९८९ मध्ये नालासोपारा स्टेशनात बांधकाम व्यावसायिक सुरेश दुबे यांचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा वसई-विरार हीच शहराची सरहद्द होती. आता ती मलंग रोड, नेवाळी नाका, टिटवाळा, बदलापूर अशी सरकली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून भर रस्त्यात गोळीबार झाला. शर्यत हे निमित्त. कोणाचा गट मोठा हे दाखवायचं होतं.

आयुक्तसाहेब, हिललाइनच्या त्या केबिनकडे मी अशा नजरेने पाहतो. जमिनीचा वाद दिवाणी न्यायालयाचा. तो सोडवायला दोन पुढारी आपापल्या माणसांसह पोलीस ठाण्यात जमले, कारण तिथेच तो ‘मिटतो’ हे सगळ्यांना माहीत आहे. शस्त्रासह पुढारी निरीक्षकांच्या टेबलापर्यंत गेला आणि ते शस्त्र बाहेर ठेवा, असं कोणी म्हणालं नाही. १८८१ मध्ये टूम्बस्टोनच्या गावकऱ्यांनी वेशीवर जे मागितलं, तेवढंही पोलीस ठाण्याच्या दारात मागितलं गेलं नाही.

याच्या सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या आणि मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. ते पिस्तूल त्याच्या खासगी अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता, असं तपासात पुढे आलं. आपल्या हद्दीतल्या पुढाऱ्यांच्या आणि बिल्डरांच्या मागे काळ्या सफारीत उभे असलेले किती अंगरक्षक असे परराज्यातले परवाने घेऊन फिरतात, याची पडताळणी झाली पाहिजे. बीडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतरच जगाला कळलं, की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. ओरड झाल्यावर कित्येकांवर कारवाई झाली. म्हणजे परवाने तपासता येतात, रद्द करता येतात. त्यासाठी एका माणसाचा इतका भीषण मृत्यू लागावा का?

आपल्याकडून याला एक उत्तर येईल, आणि ते चुकीचं नाही : बहुतेक गुन्हे गावठी कट्ट्याने होतात, परवान्याच्या शस्त्राने नाही. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार भारतात लोकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या आणि त्यांतल्या नोंदणीकृत फक्त ९७ लाखांच्या घरात. कट्टे पकडणं हे आपलं रोजचं काम आहे आणि ते अवघड आहे, मान्य. पण कट्टा लपवावा लागतो. परवान्याचं पिस्तूल लपवत नाहीत. शर्ट मुद्दाम वर करून बसतात. दसऱ्याला त्याची पूजा करून फोटो टाकतात. पोरगं शिकतं ते या दुसऱ्याकडून, आणि शिकून झाल्यावर कट्टा शोधतं, कारण परवाना मिळण्याइतकं वजन अजून त्याच्याकडे नसतं.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आई-बापांना रेल्वे रुळांवर उतरावं लागलं, तेव्हा तपास हलला. सप्टेंबरात आरोपी आपल्याच हद्दीत पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. बदलापुरात पेढे वाटले गेले, मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पुढे पाच पोलिसांकडे बोट दाखवलं. त्या मुलींच्या आई-बापांचा संताप मला कळतो. मलाही लेकी आहेत. पण खटला उभा राहून शिक्षा झाली असती, तर त्या मुलींना न्याय मिळाला असता. गोळीने फाइल बंद झाली आणि पेढे बंदुकीला मिळाले. ज्या शहरात वर्दीतल्या गोळीचा सत्कार होतो, तिथे कमरेच्या पिस्तुलाला कोणी वाईट म्हणत नाही. मतदारही त्याला अपवाद नाहीत : त्याच वर्षी नोव्हेंबरात कल्याण पूर्वमधून गणपत गायकवाड यांच्या पत्नी सुलभा गायकवाड निवडून आल्या, आणि त्यांच्यासमोर अपक्ष म्हणून महेश गायकवाड उभे होते. प्रचारात हिललाइनची गोळी सहानुभूतीसाठी आली, रागासाठी आली. शस्त्राचा परवाना हा मुद्दा मात्र मी एकाही सभेत ऐकला नाही.

दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की आपलं खातं परवान्याच्या शस्त्रांचा आढावा घेतं आणि ज्यांच्याबद्दल शंका असते त्यांना ती पोलीस ठाण्यात जमा करायला लावतं. निकाल लागले की ती परत जातात. ते आठवडे ज्यांची शस्त्रं जमा असतात, त्यांचं शस्त्रावाचून काही अडत नाही. तेवढे आठवडे चालतं, तर बाकीचे महिने का चालू नये?

कायद्यात आपल्याला नवं काहीच लागणार नाही. शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाने सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभात हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हळदीच्या मांडवात डीजेपुढे हात वर गेला की ते कलम लागू आहे. माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे : ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथे आपल्या कार्यालयाने दिलेले परवाने किती, ते नावांशिवाय, फक्त संख्या आणि वर्ष देऊन, प्रसिद्ध करा. ज्या परवानाधारकावर मारामारी, खंडणी किंवा जमीन बळकावल्याचा गुन्हा नोंद आहे, त्याची फाइल पुन्हा उघडा. परराज्यातले परवाने घेऊन फिरणाऱ्या अंगरक्षकांना पोलीस ठाण्यात बोलवा. आणि कोणत्याही पोलीस ठाण्याच्या उंबऱ्यावरून, आमदार असो की नगरसेवक, खासगी शस्त्र आत जाणार नाही, असा लेखी आदेश काढा. तो दारावर मराठीत लावा.

जमिनीची मोजणी आणि नोंदी वेळेवर करणं आपल्या हातात नाही, हे मला माहीत आहे. ते भूमी अभिलेख खातं आणि पालिका यांचं काम. त्यांना वेगळं पत्र लिहीन. पण मोजणी होईपर्यंत पिस्तूल कोणाच्या कमरेला असेल, हे आपणच ठरवता. तो आदेश पहिल्यांदा हिललाइनच्या दारावर लावावा, ही विनंती.

आपला,
कल्याण पूर्वेतला एक इतिहास शिक्षक